आधी खेळ सांगा, मग प्रोसेसर

सकाळी सहा

उठल्यावर चहाच्या आधी मी मधल्या खोलीत जाते. तिथे टेबलावर रात्रभर एक संगणक चालू असतो. गिऱ्हाइकाच्या हाती मशीन देण्याआधी ते एक रात्र पूर्ण भाराखाली चालवायचं, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना कामाला जुंपणारा प्रोग्रॅम लावायचा, तापमानाची नोंद चालू ठेवायची आणि सकाळी पाहायचं की मधे कुठे बंद पडून पुन्हा सुरू झालं का. आज नोंदीतला सगळ्यात वरचा आकडा 81 अंश आहे. प्रोसेसर रायझन 5 5600, वर त्याच्या खोक्यातूनच आलेला छोटा पंखा. एएमडीने या प्रोसेसरला 90 अंशांची मर्यादा घालून दिली आहे. म्हणजे नऊ अंश हाताशी आहेत. पास.

या खोलीत एसी नाही, आणि चाचणीसाठी मला ती तशीच हवी आहे. माझी गिऱ्हाइकं ज्या खोल्यांत राहतात तिथेही एसी नसतो. मोबाइलवर ज्या चाचण्यांचे व्हिडिओ पाहून मुलं येतात, त्या बहुतेक थंड खोलीत घेतलेल्या असतात. खोली बारा अंशांनी जास्त गरम असेल, तर त्याच पंख्याखालचा तोच प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. मर्यादेला टेकला की तो आपला वेग कमी करतो. खेळणाऱ्याला ते पडद्यावर झटक्यांसारखं दिसतं आणि तो म्हणतो, गेम लॅग मारतोय. इंटेलचा कोअर आय9-14900के पूर्ण जोरात 253 वॅटपर्यंत जातो. 5600 चा ठरलेला आकडा 65 वॅट आहे. पत्र्याच्या छपराखाली, ऑक्टोबरच्या दुपारी हा फरक फार मोठा होतो.

बाहेरच्यांना आमचं वासोणा माहीत असतं ते सिंह सफारीमुळे. सेलवासहून, म्हणजे नकाशावरच्या सिल्वासाहून, खानवेलला जाणाऱ्या रस्त्यावर ती लागते. गीरच्या जातीचे सिंह तिथे ठेवलेले आहेत. आमच्या गावची माणसं मात्र सकाळी उलट्या दिशेने निघतात. मसाट, रखोली, खडोली, पिपरिया या पट्ट्यात सूत टेक्स्चराइज करणारे आणि प्लास्टिकचे कारखाने आहेत, पाळीची वेळ गाठायची असते. दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे. बोनस हातात पडायला लागलाय, आणि वर्षभर मनात ठेवलेला गेमिंग संगणक घ्यायला मुलं याच दिवसांत येतात.

आठ

भावांची यादी येते. माझा बराचसा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं, तरी सुटे भाग घेणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की पाच-दहा मिनिटांत आपण बोर्ड, रॅम आणि कॅबिनेटच्या गर्दीत असतो. पूर्वी मी महिन्याला वापीहून गाडी पकडून जात असे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर यादी, फोनवर सौदा आणि पार्सल.

प्रोसेसरचे भाव रोज फारसे हलत नाहीत. हलते ती रॅम. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची प्रचंड खरेदी सुरू केली आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याच्या रॅमचे भाव चढले. याचा प्रोसेसरशी थेट संबंध आहे, आणि दुकानात हीच गोष्ट सगळ्यात कमी सांगितली जाते. एएमडीचा 2022 मध्ये आलेला एएम5 सॉकेट फक्त डीडीआर5 रॅम घेतो. त्याआधीचा एएम4 फक्त डीडीआर4. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीला दोन्ही चालतात, पण बोर्ड ज्या जातीचा असेल तीच रॅम लागते. प्रोसेसर ठरवला की बोर्ड आणि रॅम त्याच घटकेला ठरून जातात. म्हणून प्रोसेसरचा एकटा भाव विचारणाऱ्याला मी तो सांगत नाही. तिघांची बेरीज सांगते.

साडेआठ

सेलवास दहाएक किलोमीटर. रात्री तपासलेलं मशीन इकोच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून, आडवं ठेवलेलं. उभं ठेवलं आणि खड्ड्यात गाडी आदळली, तर जड ग्राफिक कार्ड आपल्याच वजनाने स्लॉटला ओढ देतं. या रस्त्याला ट्रकांची वर्दळ खूप आहे.

साडेनऊ

दुकान किलवणी नाक्याजवळ. शटर वर करते तोच कॉलेजचा एक मुलगा उभा. हातात मोबाइल, मोबाइलवर भागांची यादी, यादीत पहिलं नाव आय9.

"ताई, आय-नाईनच बसवायचाय. बजेट सत्तर."

"खेळायचं काय आहे?"

"सगळंच."

"रोज संध्याकाळी काय उघडणार आहेस, ते सांग."

थोडा थांबून म्हणाला, "व्हॅलोरंट. आणि सायबरपंक."

"पडदा कोणता आहे?"

"भावाचा जुना आहे घरी."

हा पडद्याचा प्रश्न मुलांना प्रोसेसरच्या आड येणारा वाटतो. खरं तर निम्मं उत्तर तिथेच असतं. 60 हर्ट्झचा पडदा सेकंदाला 60 वेळाच चित्र बदलतो. आतल्या मशीनने 300 फ्रेम काढल्या, तरी हात थोडा हलका वाटेल, पण डोळ्यांना नवी चित्रं 60 च पोचणार.

मी त्याला दुकानातल्या मशीनवर बसवलं. सहा कोअरचा 5600, सोबत रेडिऑन आरएक्स 6600 कार्ड. आधी सायबरपंक 2077. फ्रेमचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावला आणि रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणलं. आकडा झपकन वर गेला. मग व्हॅलोरंट. तिथेही रिझोल्यूशन खाली आणलं. आकडा जागचा फारसा हलला नाही.

ही चाचणी घरीही करता येते, आणि ती कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं सांगते. खेळातली प्रत्येक फ्रेम दोघांच्या हातून जाते. कोण कुठे उभा आहे, गोळी भिंतीला लागली की माणसाला, दुसऱ्या खेळाडूने आत्ता काय केलं, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्याचं चित्र ग्राफिक कार्ड काढतं. चित्र लहान केल्यावर फ्रेम वाढल्या, तर अडवत होतं ते कार्ड. चित्र लहान करूनही फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर अडवतोय तो प्रोसेसर. सायबरपंकसारख्या खेळात प्रकाश, पाऊस, काचेतली प्रतिबिंबं यांचा भार कार्डावर असतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2 यांची चित्रं साधी असतात, कार्ड ती चटकन काढून मोकळं होतं आणि मग प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग कामाला येतो. चोवीस कोअर असले म्हणून असा खेळ चोवीस कोअर वापरत नाही. त्याला मोजके पण वेगवान कोअर हवे असतात.

आणि कॅशे हवा असतो. प्रोसेसरच्या पोटातच असलेली ही छोटी, अतिवेगवान मेमरी. हवी ती माहिती तिथे सापडली, तर रॅमपर्यंतची लांबची खेप वाचते. खेळात तर अशा खेपा अखंड चालू असतात. एप्रिल 2022 मध्ये एएमडीने 5800एक्स3डी काढला. त्यात कॅशेचा एक थर दुसऱ्यावर रचून 32 एमबीचे 96 एमबी केले होते. घड्याळी वेग उलट थोडा कमी होता, तरी खेळांत त्याने त्याहून महागड्या प्रोसेसरांना गाठलं. पुढचा 7800एक्स3डीही त्याच घडणीचा. केवळ खेळासाठी मोठा प्रोसेसर घ्यायचाच असेल आणि 240 हर्ट्झचा पडदा समोर असेल, तर मी यांच्याकडेच बोट दाखवते. आय9 कडे नाही.

मुलगा यादी खोडून गेला. जुन्या पडद्याच्या जागी 165 हर्ट्झचा, आय9 च्या जागी सहा कोअरचा प्रोसेसर, आणि उरलेली रक्कम कार्डात. वडिलांना विचारून येतो म्हणाला. येईल.

साडेअकरा

रात्रपाळी करून, चार तास झोपून आलेला हा मुलगा मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात मशीनवर असतो. मूळचा जव्हारकडचा. बोलण्याआधी त्याने पाकीट काउंटरवर ठेवलं. बोनस, आणि वर्षभर साठवलेले, मिळून अठ्ठेचाळीस हजार. कायद्याने बोनस वर्षाच्या पगाराच्या किमान 8.33 टक्के, म्हणजे बाराव्या हिश्शाएवढा. त्या रकमेवर घरची कपडे-फटाक्यांची मागणी असते, गावी पाठवायचे असतात. त्यातून वाचवून तो इथवर आला होता. खेळासाठी संगणक ही चैन आहे, असं मला कुणी म्हणालं की मी ऐकून घेत नाही. बारा तास आवाजात उभं राहणाऱ्या माणसाने आपल्या खोलीत तासभर मित्रांबरोबर खेळावं, यात कमीपणा काय?

त्याने फोटो दाखवला. जुना संगणक, काचेचा कॅबिनेट, आत लाल-निळे दिवे, खाली लिहिलेलं: "आय7 गेमिंग पीसी, 22 हजार."

"ताई, आय-सेव्हन बावीसला मिळतोय. मग तुमच्याकडे एवढे का घालू?"

मी त्याला प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारून घ्यायला लावलं. फोनवरून उत्तर आलं, आय7-4770. हा प्रोसेसर 2013 चा. चार कोअर, आठ थ्रेड. 2022 मध्ये आलेला आय3-12100एफ हाही चार कोअर, आठ थ्रेडचा, आणि तो त्या आय7 ला सहज मागे टाकतो, कारण एकेका टिकटिकीत तो कितीतरी जास्त काम उरकतो. आय3, आय5, आय7 ही त्या-त्या पिढीतली पायरी आहे. पिढी कोणती, हे पुढच्या अंकात असतं: 4770 मधला 4, 12100 मधले 12. जुन्या आय7 चं नाव विकलं जातं ते गिऱ्हाइक तो अंक वाचत नाही म्हणून.

दुसरी अडचण अधिक मोठी. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून आणि रायझन 2000 पासून पुढे चालतं. चौथ्या पिढीवर ते युक्त्या करून बसवता येतं, पण विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट चालू लागतं, ते या जुन्या मशीनकडे नाही, आणि हा मुलगा रोज तेच खेळतो. दिवे सुंदर आहेत. खेळ उघडणार नाही.

हे कळल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "बरं झालं पैसे दिले नव्हते."

मग आम्ही नीट बसलो. व्हॅलोरंट, जीटीए 5, अधूनमधून एखादा मोठा खेळ. पडदा मित्राकडून मिळालेला, 75 हर्ट्झचा. अशा वेळी माझ्यासमोर तीन नावं असतात: आय3-12100एफ, आय5-12400एफ आणि रायझन 5 5600. पहिला व्हॅलोरंटला पुरतो, पण खेळता खेळता मागे मित्रांशी बोलण्याचं अ‍ॅप आणि ब्राउझर चालू ठेवला की चार कोअर नव्या मोठ्या खेळांत कमी पडू लागतात. उरलेले दोघे सहा कोअर, बारा थ्रेडचे, खेळात जवळजवळ बरोबरीचे. तिथे मी बोर्डाची किंमत बघते आणि ज्याची बेरीज कमी येते तो घेते. आज ती 5600 ची कमी आली.

"ताई, हा 5500 अजून स्वस्त दिसतोय. शंभराचाच तर फरक आहे."

आकड्यांतला हा शंभरचा फरक फसवा आहे. 5600 मध्ये तिसऱ्या पातळीचा कॅशे 32 एमबी, 5500 मध्ये 16. शिवाय 5500 कार्डाशी पीसीआय एक्सप्रेस 3 ने बोलतो आणि 5600 त्याच्या दुप्पट वेगाच्या 4 ने. स्वस्त ग्राफिक कार्डांना बहुधा सोळाऐवजी आठ किंवा चारच लेन दिलेल्या असतात, तेव्हा हा वेग कमी झालेला जाणवतो. त्याहून चकवा देणारा रायझन 7 5700: आकडा मोठा, कोअर आठ, पण कॅशे 16 एमबीच. शेवटी एक्स असलेल्या 5700एक्समध्ये तो 32 आहे. अक्षरं वाचायला हवीत. इंटेलच्या नावातल्या एफचा अर्थ आत चित्र काढणारा भाग नाही, कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. के म्हणजे वेग वाढवायला मोकळा, आणि त्यासाठी महाग बोर्ड आणि मोठा कूलर. आपल्याला नको.

यादी ठरली. प्रोसेसरला एकूण रकमेचा साधारण पाचवा हिस्सा, ग्राफिक कार्डाला त्याच्या दुप्पट, रॅम आठ-आठ जीबीच्या दोन काड्या. एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, पैसे वाचवायचे नाहीत, हे मी हट्टाने सांगते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज येते-जाते, आणि बिननावाचा एसएमपीएस जळताना बोर्ड-प्रोसेसरला सोबत घेऊन जातो.

"जीटीए 6 चालेल ना यावर?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तो खेळ प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर झालेला आहे. मी हे लिहिते आहे तोवर संगणकावरची तारीख कंपनीने दिलेली नाही. न आलेल्या खेळासाठी आज प्रोसेसर घेऊ नये. पण बोर्ड घेताना पुढचा विचार करता येतो, आणि तो मी त्याला उघड सांगितला. एएम4 चं शेवटचं स्टेशन जवळ आलेलं आहे. या बोर्डावर पुढे आठ कोअरचा 5700एक्स बसेल, फार तर एक्स3डी मिळाला तर तो. एएम5 घेतला तर पुढची वाट लांब आहे, पण आज डीडीआर5 च्या भावात कार्ड लहान होईल. त्याने विचार केला आणि कार्ड निवडलं. मीही तेच निवडलं असतं.

दीड

डबा. नाचणीची भाकरी, वालाची उसळ. समोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडची दोन मुलं जेवायला येतात आणि रोजचा वाद आणतात: इंटेल की एएमडी.

मी त्यांना विनोद धाम यांची गोष्ट सांगते. पुण्यात जन्मलेला हा माणूस 1979 मध्ये इंटेलमध्ये गेला आणि 1993 मध्ये बाजारात आलेल्या पेंटियमच्या कामाचा प्रमुख झाला. जग त्यांना पेंटियमचे जनक म्हणतं. पुढे ते नेक्सजेन कंपनीत गेले, ती एएमडीने विकत घेतली, आणि 1997 मध्ये पेंटियमला टक्कर द्यायला आलेल्या एएमडीच्या के6 मागेही तेच होते. 2025 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पेंटियम ज्यांच्या हाताखाली घडला, त्यांनीच तो सोडून समोरच्या घरात काम केलं. आपण खोक्याच्या रंगावरून भांडायचं कशाला?

दोन्ही कंपन्यांनी चांगलं केलंय आणि चुकाही केल्यात. 2024 मध्ये इंटेलने जाहीरपणे मान्य केलं की तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून अस्थिर होतात. त्यांनी मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून कुणी त्या पिढ्यांतला मोठा प्रोसेसर जुना आणला, तर बायोस अद्ययावत आहे का, हे मी आधी बघते.

अडीच

आता जोडणी. या वेळी मी फोन उचलत नाही.

एएम4 प्रोसेसरच्या खालच्या बाजूला 1331 सोनेरी पिना असतात. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दांडी वर करायची आणि प्रोसेसर आपल्या वजनाने आत बसू द्यायचा. बोटाने दाबायचं नाही. तो बसत नसेल तर एखादी पिन वाकलेली आहे. वाकलेली पिन पेन्सिलच्या रिकाम्या नळीने हळूच सरळ करता येते, शिसं काढलेली यांत्रिक पेन्सिल त्यासाठी माझ्या खणात असते. इंटेलच्या एलजीए 1700 आणि एएमडीच्या एएम5 मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. तिथे एक वाकली तर भिंग लावून अर्धी दुपार जाते, आणि वाकलेल्या पिनेला हमी मिळत नाही.

खोक्यातल्या पंख्याला पेस्ट आधीच लावलेली असते. वर अजून लावायची नाही. काढतानाची काळजी मात्र कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. जुन्या एएम4 मशीनचा पंखा सरळ वर ओढू नका. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करायचं, बंद करून वायर काढायची, मग पंखा डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवायचा.

रॅमच्या दोन काड्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचं. ते न करता दिलेली मशीनं दुरुस्तीला माझ्याकडे येतात: काड्या 3200 च्या, चालतायत 2133 वर, आणि घरातले म्हणतायत प्रोसेसरच खराब.

साडेपाच

वासोण्याजवळच्या पाड्यावरच्या एक मावशी मुलाला घेऊन आल्या. त्या एका प्लास्टिक कारखान्यात पॅकिंगला आहेत, मुलगा आयटीआयला. मला गावात ओळखतात.

"बाय, ह्याला गेमचा कंप्युटर पाहिजे म्हणतो. शिकेल का त्यावर, का नुसता खेळेल?"

"दोन्ही होईल मावशी. मशीन तेच लागतं."

त्यांना जाणून घ्यायचं होतं की या दोन महागड्या वस्तू, प्रोसेसर आणि कार्ड, वेगवेगळ्या कशाला. मी म्हटलं, वारली लग्नात लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणते आणि सवासिनी भिंतीवर चौक लिहितात. गाणाऱ्या बाईचं काम वेगळं, लिहिणाऱ्या हातांचं वेगळं; दोन्ही मिळून चौक पुरा होतो. प्रोसेसर गाणारा, कार्ड लिहिणारं. मावशींनी लगेच विचारलं, "एकटी बाई दोन्ही करेल अशी नाही का?"

आहे. रायझन 5 5600जी. शेवटचा जी म्हणजे चित्र काढणारा भाग प्रोसेसरच्या आतच. सहा कोअर आहेतच, वेगळं कार्ड न घेता व्हॅलोरंट आणि जीटीए 5 खालच्या-मधल्या सेटिंगवर चालतात, आयटीआयचं रेखाटनाचं सॉफ्टवेअर चालतं. रॅमच्या दोन काड्या मात्र हव्यातच, कारण आतला चित्रभाग रॅमच वापरतो आणि एका काडीवर त्याचा श्वास कोंडतो. पुढे मुलगा कमवायला लागला की त्याच बोर्डावर कार्ड घालता येईल. 5600 पेक्षा याचा कॅशे निम्मा आहे आणि कार्डाशी बोलण्याचा वेग एक पायरी कमी आहे, हेही मी सांगितलं. नव्या एएम5 वरचा 8600जी याच कामात बराच पुढे आहे, पण बोर्ड आणि डीडीआर5 धरून बेरीज त्यांच्या हाताबाहेर गेली.

मुलाचा चेहरा उतरला होता. त्याला कार्ड हवं होतं. मी त्याला त्याच प्रोसेसरवर जीटीए 5 लावून दिला. पंधरा मिनिटांनी मावशींनाच त्याला उठवावं लागलं. पैसे पुढच्या आठवड्यात देणार आहेत.

सात

रात्रपाळीला जाण्याआधी सुताच्या कारखान्यातला मुलगा आला. मशीन तयार होतं. व्हॅलोरंट सुरू केल्यावर त्याने आकडा पाहिला आणि फोटो काढला. मी त्याला दुसरा आकडा पाहायला सांगितला. सरासरीच्या शेजारी सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा असतो. सरासरी 100 असून मधूनच 35 पर्यंत कोसळणारं मशीन हाताला वाईट लागतं. सरासरी 80 आणि तळ 65 असलेलं गुळगुळीत चालतं. चांगला प्रोसेसर आणि दोन काड्यांची रॅम या तळाच्या आकड्यात दिसतात. त्याचा तळ त्याच्या पडद्याच्या 75 च्या बराच वर होता. मग फ्रेमला मर्यादा घातली, तशी उष्णता उतरली आणि पंख्याचा आवाजही.

त्याला आजच न्यायचं होतं. उद्या सकाळी म्हटलं, रात्रीची चाचणी झाल्यावर. मान डोलावून कामावर गेला.

नऊ

बिलं लिहायची वेळ. संगणकाच्या भागांवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि तो टाळायला बिनबिलाचा माल मागणारे रोज येतात. बिनबिलाचा प्रोसेसर बहुधा ट्रेमधला असतो: खोकं नाही, पंखा नाही, आणि बिघडला तर कंपनीच्या दारात आपण कुणीच नाही. खोक्यातल्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी दोघेही भारतात तीन वर्षांची हमी देतात. दिवाळीत तुमच्या घरी संगणक येणार असेल, तर बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या, त्याखाली सिरियल नंबर लिहायला लावा, आणि तो खोक्यावरच्या नंबराशी दुकानातच पडताळून पाहा. रिकामं खोकं तीन वर्षं माळ्यावर ठेवा.